काचेची कांडी आणि राहिलेली सही

परभणीच्या आमच्या कॉलेजात गुरुत्वाकर्षण कधी चुकलं नाही. लंबक कुणीही हलवावा, दोरी कितीही लांब घ्यावी, घड्याळ मधेच बंद पडलं तरी चालेल, उत्तर नऊशे ऐंशीच यायचं. फार झालं तर नऊशे ऐंशी पूर्णांक दोन. ज्या पोराचं नऊशे चौसष्ट आलं, तो एक तर खरं मोजणारा असायचा किंवा नवा असायचा, आणि आठवड्याभरात दोघंही सुधारायचे.

याला जर्नल जुळवणं म्हणतात. पुस्तकातलं उत्तर आधी तळाशी लिहायचं, मग पायरी पायरीनं उलटं चढत जाऊन वरच्या तक्त्यात रीडिंगं भरायची. दोन-तीन मुद्दाम जराशी वाकडी ठेवायची, म्हणजे खरी दिसतात. मग मी लाल शाईनं ‘तपासले’ लिहायचो, सही करायचो, तारीख टाकायचो. त्या सहीशिवाय प्रयोग झाला असं धरत नसत. मला सगळं कळत होतं. मीही तसाच पास झालो होतो. आपण चोर आहोत आणि चोरांना शिकवतो आहोत, हे ठाऊक असलेला माणूस जसा वागेल तसा मी वागायचो: नाक वर करून.

नाक वर करण्याचा मला लहानपणापासून सराव. मूळ मी पोखर्णीचा. घरी जमीन बरी, माणसं कामाला. शिकायला बाहेर पडलो तेव्हा पहिलं काम केलं ते जिभेवरचं ‘लय’ आणि ‘हाय’ खरवडून काढण्याचं. पुढं प्राध्यापकी करता करता अभ्यासाची रजा घेतली आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएचडीला गेलो. तिथं लेसर होता. चार वर्षं राहिलो आणि हात हलवत परत आलो. गावात सांगितलं की वडिलांच्या तब्येतीमुळं आलो. वडील ठणठणीत होते. मला ते जमलं नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती. ती आज पहिल्यांदा लिहितो आहे आणि लिहिताना बरं वगैरे काही वाटत नाही.

परत आलेल्या माणसाला परभणी क्षमा करते, कारण तिला वाटतं तिथंच तर सगळे येतात. मी मात्र परभणीला क्षमा केली नाही. स्टाफरूममधल्या पानाच्या पिंका, परीक्षेच्या कामावरून होणारी भांडणं, ‘सर, एवढं वेटेज सांगा’ म्हणणारी पोरं, सगळ्यांचा मला वीट होता. आणि सगळ्यात जास्त, आमच्या विभागातल्या डेमॉन्स्ट्रेटरचा.

डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रयोगाची मांडामांड करणारा, पोरांना रीडिंग घ्यायला शिकवणारा. ते तिशी ओलांडलेले गृहस्थ होते. चुडाव्याचे. वडील रेल्वेत गँगमन, रूळ सांभाळणारे. छप्पन साली घर बौद्ध झालेलं. बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी एम.एस्सी. केलं होतं आणि दुसऱ्या वर्गात, म्हणजे माझ्याच वर्गात, ते पास झाले होते. हेच मला खुपायचं. मी त्यांच्याशी फार अदबीनं बोलायचो. ‘अहो, जरा बघता का?’ असं. ती अदब खोटी होती, आणि तिच्यातला थंडपणा त्यांना कळत होता. प्रयोगशाळेत माझा तांब्या वेगळा असायचा. पोट नाजूक आहे असं मी सांगून ठेवलं होतं. माझं पोट दगड पचवील असं होतं.

तर एका उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या जुन्या गाईडचं पत्र आलं. त्यांच्याकडं काचेच्या कांडीचा मोठा ॲम्प्लिफायर उभा राहत होता. या कांडीच्या काचेत निओडिमियम नावाचं द्रव्य थोडंसं मिसळलेलं असतं, त्यानं ती फिकट जांभळी दिसते. भोवती लांबट दिवे लावलेले. दिवे लखकन पेटले की कांडी त्यातली थोडी शक्ती क्षणभर आत धरून ठेवते. तेवढ्यात एका टोकातून लेसरचा बारीक झोत सोडला, की ती धरलेली शक्ती गोळा करत तो दुसऱ्या टोकातून कितीतरी पटींनी मोठा होऊन बाहेर पडतो. किती पटींनी, त्याला आम्ही गेन म्हणायचो. पण दिव्यांची बरीचशी शक्ती झोतात जातच नाही. ती कांडीत उष्णता होऊन बसते. काच उष्णता सोडायला महाकंजूष. बाहेरून पाणी फिरवून पृष्ठभाग गार ठेवला तरी पोट तापलेलंच राहतं. तापलेलं पोट भिंगासारखं वागून झोत वाकडा करतं, गेन कमी करतं, आणि फार झालं तर कांडी तडकते.

गाईडचं म्हणणं असं, की प्रत्येक शॉटला, म्हणजे दिव्यांच्या एकेका लखलखाटाला, गेन किती आणि उष्णता किती, याचं गणित कागदावर मांडून दे. दोन शॉटांमध्ये किती थांबावं लागेल ते सांग. जमलं तर तुझं अर्धवट राहिलेलं कामही पुढं नेऊ. ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला परभणीतून सुटायचं होतं. ही शिडी होती.

बातमी फुटली. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. हा माणूस विज्ञान शाखेचा प्राचार्य होता आणि पंख्याला रेग्युलेटर का असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

“काय ऐकतोय मी? आपल्या कॉलेजात मरणकिरण बनवायलेत म्हणं!”

“नाही सर, फक्त गणित आहे.”

“गणितच का?” त्यांचा चेहरा पडला. “बरं बरं. गॅदरिंगला दोन शब्द बोला. किरण म्हणा, गणित म्हणू नका.”

काम वाटलं त्याहून किचकट निघालं. मी कांडीचे कांद्यासारखे दहा पदर कल्पिले. प्रत्येक पदराचं तापमान, शेजारच्या दोन पदरांवरून, थोड्या थोड्या सेकंदांनी काढायचं. शॉट झाला की सगळ्यांत उष्णता भरायची, मग निवण्याचा हिशोब, मग पुन्हा शॉट. हजारो आकडे. कॉम्प्युटर आमच्याकडं फक्त शब्द म्हणून होता. कॉमर्स विभागात हातानं दांडी फिरवायचं एक गणकयंत्र होतं, ते मी मागून आणलं, आणि डेमॉन्स्ट्रेटरना म्हणालो, “अहो, दुपारी मोकळे असता ना? एवढे तक्ते भराल का?”

कशाचे तक्ते ते सांगितलं नाही. गुऱ्हाळातल्या बैलाला कुणी गुळाचा भाव सांगतं का? अगदी असंच मनात आलं होतं, याच शब्दांत.

तराजूच्या खोलीत आम्ही बसायचो. वाऱ्यानं तराजू हलू नयेत म्हणून तिला एकच खिडकी, त्यामुळं उन्हाळ्यात त्यातल्या त्यात गार. ते यंत्राची दांडी फिरवायचे, खर्र खर्र, टिंग. मी पलीकडं खुर्चीत बसून विचार केल्याचं दाखवायचो. चौथ्या दिवशी ते यंत्र थांबवून म्हणाले, “सर, हे काय तरी गलत व्हायलंय.”

“काय?”

“मधला पदर पाण्यापेक्षा गार झाला. दिवे लावून कांडी थंड व्हायलीय. असं खरंच झालं तर आमी परभणीच्या पत्र्यांवर दिवे लावू की, लय बरं व्हईल उन्हाळ्यात.”

मी हसलो नाही. “आकडे उतरवताना चुकलं असेल तुमचं.”

“तीनदा केलं, सर.”

चूक माझी होती. काम लवकर उरकावं म्हणून मी पाच-पाच सेकंदांच्या उड्या घ्यायला सांगितल्या होत्या. एवढ्या मोठ्या उडीत एका पदराची उष्णता शेजाऱ्याला ओलांडून पलीकडं जाते आणि आकडे पिसाळतात. पदर जितका पातळ, उडी तितकी लहान हवी. ही गोष्ट त्यांनी दोन दिवसांत आपली आपण शोधून काढली आणि उडी एका सेकंदाची केली. काम पाचपट वाढलं. ते त्यांच्याच अंगावर पडणार होतं आणि तरी त्यांनी ते केलं. मी गाईडला पत्रात लिहिलं, ‘मला असं आढळून आलं की उडी लहान घ्यावी लागते.’

डेमॉन्स्ट्रेटरना आता कळलं होतं की हे काय आहे. एके दिवशी मी, न विचारता, गेनचं समजावू लागलो. कांडीत शक्ती मोजकी असते, झोताचा पुढचा भाग ती लुटून नेतो, मागच्या भागाला उरलंसुरलं मिळतं. “म्हणजे असं बघा, पहिल्या पंगतीला वरण घट्ट असतं आणि शेवटच्या पंगतीला...”

“सर,” ते दांडी फिरवतच म्हणाले, “शेवटच्या पंगतीचं मला नका शिकवू.”

खर्र खर्र, टिंग. त्यांनी पुढचा आकडा लिहिला.

हे सगळं ते एका जाड, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे. डाव्या पानावर माझ्या सूत्रानं आलेले आकडे, उजव्या पानावर त्यांचे शेरे. प्रत्येक पानाच्या खाली, जर्नलात असते तशी, सहीसाठी जागा सोडलेली. दर शनिवारी वही माझ्यापुढं सरकवायचे. “सर, तपासून सही देता?” मी म्हणायचो, “राहू द्या, एकदम करू शेवटी.” एका पानावरही मी सही केली नाही. सही केली असती तर ते काम त्यांचं आहे असं माझ्याच हातानं सिद्ध झालं असतं.

मग खरा प्रश्न आला. उष्णतेचा आकडा किती धरायचा? दिव्यांच्या शक्तीतला कितवा भाग कांडीत उष्णता होऊन राहतो, यावर पुढचं सगळं उभं. मी पुस्तक बघून एक आकडा घातला होता, आणि त्यानं माझा गेन गाईडनी मोजून पाठवलेल्या गेनशी झकास जुळत होता. चार बिंदू, चारही माझ्या रेषेवर. इतकं सुंदर जुळताना मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, जर्नलं सोडली तर.

डेमॉन्स्ट्रेटरनी गाईडच्या पत्राच्या मागच्या पानावरची एक ओळ वाचली होती. कांडीभोवती फिरणारं पाणी आत जाताना किती गरम, बाहेर येताना किती गरम, ते तिथं दिलं होतं.

“ह्याच्यावरून काढली तर उष्णता तुमच्या दुप्पट येती, सर.”

“दुप्पट धरली तर गेन जुळत नाही.”

“जुळणारच न्हाई. ह्यांनी गेन मोजलाय तो सकाळचा, पहिल्या-दुसऱ्या शॉटचा. तवा कांडी गार असती. दहाव्या शॉटला काय व्हतंय, ते मोजलंच न्हाई त्यांनी. गार कांडीचा गेन जुळवाया तुमी उष्णता अर्धी केली.”

मी म्हणालो, “तिथं बसलेले लोक तुमच्यापेक्षा थोडे जास्त शिकलेले आहेत.”

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “माझे वडील उन्हाळ्यात रुळाच्या सांध्यात बोट घालून बघायचे. रूळ तापला की वाढतो, म्हणून फट सोडलेली असती. फट बुजली की रूळ वाकडा व्हतो, मग गाडीखाली माणसं. ह्या कांडीचं पोट तापून फुगायलंय, बाहेरचा पदर गार पाण्यानं आवळून धरलाय. फट कुठंय, सर? बाहेरचा पदर फाटंल. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला शॉट मारला तर पंधरा ते वीसच्या मधे. मी काढलंय. चार मिनिटं थांबायला पाहिजे.”

“गाईडना अर्धं मिनिट हवंय.”

“त्यांना पाहिजे म्हणून?”

“अहो, उत्तर काय यायला हवं हे माहीत असलं की गणित सोपं जातं.” मी हसत म्हणालो. वीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलो होतो.

ते हसले नाहीत. “सर, हे जर्नल न्हाई,” म्हणाले. “खरी कांडी हाय.”

मला त्यांचा राग आला असं म्हणालो तर ते खोटं होईल. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला वाटलं, हा गँगमनचा मुलगा मला उष्णता शिकवतो! हेच वाटलं, आणि यापेक्षा वाईट शब्दांत वाटलं. ते शब्द मी लिहीत नाही. ते काय असतील हे या भागात कुणालाही सांगावं लागत नाही.

मी अर्धा आकडा ठेवून अहवाल पाठवला. अर्ध्या मिनिटाला एक शॉट चालेल, असं लिहून. खाली माझं एकट्याचं नाव. वही ‘एकदा नजर घालतो’ म्हणून मागून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

पावसाळा संपता संपता दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या.

पहिली, त्याच प्रयोगशाळेनं सायंटिफिक असिस्टंटच्या जागेसाठी डेमॉन्स्ट्रेटरना मुलाखतीला बोलावलं. त्यांनी जाहिरात वाचून अर्ज केला होता आणि ओळखीचे म्हणून माझं नाव दिलं होतं, मला विचारून. मी ‘हो, हो, अवश्य’ म्हणालो होतो. वयाची अट बघता त्यांना ही पहिली आणि शेवटचीच संधी होती.

दुसरी, गाईडचं पत्र आलं. कांडी तडकली. सतराव्या शॉटला, पृष्ठभागापासून आत, आडवी. परदेशातून आणवलेली कांडी होती ती. खाली एकच प्रश्न होता: उष्णतेचा आकडा कुणी काढला?

मी त्या दिवशी तास घेतला नाही. घरी येऊन इंग्रजीत उत्तर लिहिलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, मराठीत ते असं होईल: ‘आकडेमोड इथल्या एका डेमॉन्स्ट्रेटरवर सोपवली होती, त्यांची तयारी कच्ची असल्याचं माझ्या ध्यानात उशिरा आलं.’ त्यांचं नावही घातलं. अहवालात जे नाव घालायला मला जागा सापडली नव्हती, ते इथं व्यवस्थित, आद्याक्षरांसकट. अक्षर छान आलं होतं.

मुलाखतीला निघण्याच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडं आले. नवा शर्ट होता, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

“सर, ती वही देता का? तिथं दाखवावी म्हणतो. केलेलं काम म्हणून तेवढंच हाय माझ्याकडं. आणि सही तेवढी...”

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. माझं कोपर त्या खणावर टेकलेलं होतं. आमच्या दोघांमध्ये एक टेबल होतं आणि त्या टेबलात त्यांची सगळी पुढची वर्षं होती. त्या वहीत दुप्पट आकडा होता, चार मिनिटं होती, ‘पंधरा ते वीस’ असं लिहिलेलं होतं. ती गाईडपुढं उघडली गेली असती तर माझं पत्र उघडं पडलं असतं.

“सापडत नाही हो,” मी म्हणालो. “घरी बघतो. की रद्दीत गेली कोण जाणे.”

“रद्दीत?”

“बघतो म्हणालो ना.”

ते उभे राहिले. खणाकडं पाहिलं का? मला वाटतं, पाहिलं. मग म्हणाले, “बरं सर. येतो.” आणि गेले.

आठ दिवसांनी परत आले ते कामावर रुजू झाले. काय विचारलं, काय झालं, काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तो शर्ट ते पुढं प्रयोगशाळेत रोज घालू लागले, ॲसिडच्या डागांसकट. टर्म संपली तसा राजीनामा देऊन चुडाव्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला गेले. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांना नारळ दिला आणि दुसऱ्याच कुणाच्या नावानं त्यांचं कौतुक केलं. सगळे हसले. मी पण.

गाईडनी मला पुन्हा पत्र लिहिलं नाही. मुनीमावर ढकललं तरी पेढी कुणाची ते त्यांना कळत असणार. शिडी गेली. मी विभागप्रमुख झालो, कारण आधीचे रिटायर झाले. लंबक नऊशे ऐंशी देत राहिला आणि मी लाल शाईनं ‘तपासले’ लिहीत राहिलो. फरक एवढाच, की सही करताना दर वेळी खणातली वही आठवायची. ती फेकून द्यायची हिंमत नव्हती आणि परत द्यायचीही नव्हती. इतका फडतूस माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि परभणीत मी बरेच पाहिले आहेत.

सहा वर्षं गेली. यंदाच्या फेब्रुवारीत मी गाईडना एक पत्र लिहिलं. यात सगळं खरं: आकडा माझा, आकडेमोड डेमॉन्स्ट्रेटरची, त्यांनी दिलेली सूचना, वही, खण. ते पत्र पाकिटात घालून, वही पिशवीत घेऊन मी पॅसेंजरनं चुडाव्याला गेलो. पत्र पोस्टात टाकलं नव्हतं. आधी त्यांना दाखवावं, असं ठरवलं होतं. तेव्हा मला हा मोठेपणा वाटत होता.

शाळा सुटत होती. ते वर्गातच सापडले, कानशिलांवरचे केस पिकलेले. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही, निदान दिसलं तरी नाही. फळ्यावर लंबकाच्या प्रयोगाची उत्तरं लिहिलेली होती, प्रत्येक मुलाच्या नावापुढं. नऊशे एकाहत्तर. नऊशे अठ्ठ्याण्णव. नऊशे त्रेसष्ट. एकाचं एक हजार बारा. मी सगळी ओळ खालपर्यंत वाचली. नऊशे ऐंशी एकाचंही नव्हतं.

“बसा,” ते म्हणाले. सर म्हणाले नाहीत.

दाराजवळ पाण्याचा रांजण होता, वर झाकण, झाकणावर पेला. मला खूप तहान लागली होती. त्यांनी पाणी विचारलं नाही आणि मागायला माझं तोंड नव्हतं.

मी वही काढून बाकावर ठेवली. बोलायची तयारी गाडीत केली होती, ती गेली सगळी. “वही माझ्याकडंच होती,” एवढंच म्हणालो. “खणात. तुमी आला होता तवा बी.” किती वर्षांनी माझी जीभ अशी वळली होती कुणास ठाऊक.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “खणाला किल्ली होती त्या दिवशी. एरवी तुमी किल्ली लावत नव्हता.”

त्यांनी वही उघडली. शेवटच्या पानांकडं गेले, बोट फिरवत. मग वर न बघता विचारलं, “कितव्याला फुटली?”

“काय?”

“कांडी. फुटली एवढंच बोलले मुलाखतीत. कितव्या शॉटला ते सांगितलं न्हाई. ‘हे गणित तुमीच केलं ना,’ म्हणले. मी म्हणलं, वही दाखवतो. तर वही न्हाई. मग म्हणले, या.”

“सतराव्या,” मी म्हणालो.

त्यांचं बोट ‘पंधरा ते वीस’ या शब्दांवर थांबलं. आणि ते हसले. माझ्याकडं बघून नाही, त्या पानाकडं बघून. सहा वर्षं त्यांना हे माहीत नव्हतं की त्यांचं गणित बरोबर आलं होतं. मी त्यांच्याकडून हिरावून घेतलं ते फक्त नोकरीपुरतं, अशी माझी समजूत होती. हेही घेतलं होतं, हे मला तिथं त्या बाकावर कळलं.

हसू लगेच गेलं. त्यांनी टेबलावरचं लाल शाईचं पेन माझ्यापुढं ठेवलं. “सही राहिली होती.”

मी पहिल्या पानापासून सुरू केलं. ‘तपासले.’ सही. तारीख टाकताना हात थांबला. कुठली टाकू? त्या वर्षीची टाकली तर निदान कागदावर तरी ते वेळेवर झालं असतं. मी तो जुना महिना लिहायला लागलो.

“आजची टाका,” ते म्हणाले. “मागची टाकली की पुन्हा जर्नल झालं.”

ऐंशीच्या आसपास पानं होती. मी प्रत्येकावर त्या दिवसाची तारीख टाकली. मधे एक मुलगी येऊन खडू घेऊन गेली. संपल्यावर त्यांनी शाई वाळू दिली, वही कपाटात मुलांच्या जर्नलांवर ठेवली आणि कपाट लावलं.

मग मी पाकीट काढलं. “हे गाईडना लिहिलंय. सगळं खरं. तुमी वाचावं म्हणून...”

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. “पत्ता त्यांचा हाय ना?”

“हो.”

“तिकीट लावलंय?”

“हो.”

“मग कामून टाकलं न्हाई? मला दाखवून काय मार्क पाहिजेत का?”

आतून मी किती लहान आहे हे मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. त्यांनी एका वाक्यात ते मोजून दिलं, आणि हे रीडिंग कुणी जुळवलेलं नव्हतं.

मी उठलो. स्टेशनच्या भिंतीला लाल पेटी आहे. पत्र आत टाकलं, फटीत बोटं घालून खाली पडलं की नाही ते पाहिलं. पुढची पॅसेंजर दीड तास लेट होती. ऊन उतरत होतं आणि रूळ अजून गरम होते. लांबवर एक गँगमन वाकून सांधा बघत होता. मी पाण्याच्या नळापाशी गेलो. नळाला पाणी नव्हतं.